धेंपोचा दहा नंबर

गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास सांगायचा तर सुरुवात मैदानापासून नाही, खाणीपासून करावी लागते. डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यातलं लोहखनिज ट्रकांतून मांडवी-जुवारीच्या काठाला यायचं, तिथून बार्जमधून मुरगाव बंदराकडे आणि पुढे मोठ्या जहाजांतून परदेशी, मुख्यतः जपानला. या धंद्यात ज्या घराण्यांनी पैसा केला, त्यांतल्या दोघांनी फुटबॉलचे संघ पोसले. साळगावकरांचा क्लब १९५६ चा, धेंपोंचा साठच्या दशकातला. खेळाडूला कंपनीत नोकरी, संध्याकाळी सराव, आणि रविवारी गावच्या फेस्ताइतकीच गर्दी खेचणारा सामना. चर्चिल ब्रदर्स १९८८ मध्ये वार्क्याला निघाला. त्याचे मालक चर्चिल आलेमांव पुढे औटघटकेचे मुख्यमंत्रीही झाले. सारांश, गोव्यात फुटबॉल हा चर्चच्या पटांगणात वाढलेला खेळ असला, तरी त्याचा पगारपट कुठल्या ना कुठल्या शेठच्या पेढीवर निघत असे.

ही व्यवस्था स्थानिक मुलांवर चालत होती. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक याच मातीतला. गोव्याने १९८३ मध्ये संतोष ट्रॉफी बंगालबरोबर विभागून घेतली आणि पुढच्याच वर्षी एकट्याने जिंकली. त्यासाठी कुणाला साता समुद्रापलीकडून माणूस आणावा लागला नव्हता. मग १९९६ च्या अखेरीस राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि हिशेब बदलला. आता स्पर्धा गावच्या शेजाऱ्याशी नव्हती. कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालशी होती. त्या शहरात ऐंशीच्या दशकापासूनच परदेशी खेळाडू होते. इराणच्या मजीद बिश्करने आणि नायजेरियाच्या चिमा ओकोरीने कोलकात्याला त्याची चटक लावली होती. साळगावकरने १९९८-९९ मध्ये लीग जिंकून गोव्याचं खातं उघडलं खरं, पण दरवर्षी तेवढ्या बळावर निभावणार नाही, हे सगळ्यांनाच कळून चुकलं होतं. आफ्रिकेतून खेळाडू येत होतेच. हळूहळू ब्राझीलमधूनही येऊ लागले.

ब्राझीलच का, याचं उत्तर पेलेच्या नावात शोधायला आपल्याला आवडतं. खरं उत्तर बरंच कोरडं आहे. ब्राझीलमध्ये व्यावसायिक खेळाडू हजारोंनी तयार होतात, पण तिथल्या लहान क्लबांचा हंगाम प्रांतिक स्पर्धेपुरता, वर्षाच्या पहिल्या चार-पाच महिन्यांचा. ती संपली की मोठे क्लब देशाच्या लीगमध्ये जातात आणि बाकीच्यांची पोरं रिकामी. त्यांतली काही जपानला जातात, काही आखातात, काही पूर्व युरोपात. जगभर पसरलेल्या या मजुरांच्या फौजेतल्या एका लहान तुकडीच्या वाट्याला भारत आला. माद्रिदला आणि मिलानला गेलेल्यांची चरित्रं छापली जातात. मडगावला आलेल्यांची कोण छापणार? म्हणूनच मला त्यांच्याविषयी जास्त कुतूहल आहे.

या तुकडीतलं सगळ्यात मोठं नाव होझे रामिरेझ बरेटो. जन्म ३ सप्टेंबर १९७६, दक्षिण ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात. रोनाल्डिन्हो याच शहराचा. बरेटो १९९९ मध्ये कोलकात्यात मोहन बागानकडे आला. त्याच वर्षी सिक्कीमचा भायचुंग भूतिया इंग्लंडमध्ये बरी या छोट्या क्लबकडे गेला होता. एक उत्तरेला थंडीत, एक गंगेच्या दमट हवेत. इंग्लंडच्या तळाच्या विभागांत भूतियाला जे जमवताना नाकी नऊ आले, ते बरेटोने पहिल्या वर्षातच करून दाखवलं: १९९९-२००० ची लीग बागानने जिंकली. पुढच्या हंगामात गोल मारणाऱ्यांच्या यादीत तो अग्रभागी होता. २००१-०२ मध्ये बागान पुन्हा विजेता, आणि तेही शेवटच्या दिवशी मडगावच्या फातोर्डा मैदानावर चर्चिल ब्रदर्सला त्यांच्याच लोकांसमोर १-० असं हरवून. गोवेकरांना ती संध्याकाळ अजून बोचते.

बरेटो कसा खेळायचा, हे आकड्यांत फारसं दिसत नाही. तो धिप्पाड नव्हता, वाऱ्यासारखा धावणाराही नव्हता. आघाडीच्या थोडं मागे उभं राहून, पाठीवर बचावपटू असताना चेंडू घ्यायचा, खांदा एका बाजूला झुकवायचा आणि वळायचा दुसऱ्या बाजूला. चिखलात हे करणं किती अवघड आहे, ते पावसाळ्यात कोलकात्याचं मैदान ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. तिथला पाऊस आणि आपल्या कोकणातला पाऊस यांत मैदानाच्या दृष्टीने फार फरक नाही. चेंडू पडतो तिथेच बसतो. अशा ठिकाणी ब्राझीलचा नाजूक खेळ टिकत नाही, असं जाणकार म्हणायचे. बरेटोने तो टिकवला. बागानच्या लोकांनी त्याला हिरव्या पोपटाची उपमा देऊन ‘सबुज तोता’ म्हणायला सुरुवात केली. हिरवा हा क्लबचा रंग.

त्याच कोलकात्यात, पण समोरच्या छावणीत, २००३ मध्ये दुसरा ब्राझिलियन आला. पूर्ण नाव क्रिस्टियानो सेबास्तियाओ दि लिमा ज्युनियर. भारतात तो क्रिस्टियानो ज्युनियर किंवा नुसता ज्युनियर. बरेटोपेक्षा हा वेगळ्या घडणीचा: सरळ गोलाकडे जाणारा, चेंडूच्या आधी जागा हेरणारा, निखळ आघाडीपटू. पहिल्याच हंगामात त्याने राष्ट्रीय लीगमध्ये १५ गोल केले, सर्वाधिक गोल करणाऱ्याचा मान घेतला आणि ईस्ट बंगालने २००३-०४ ची लीग जिंकली. वय चोविसाच्या पुढे-मागे. परक्या देशात पहिल्या वर्षात एवढं करणाऱ्या माणसाला पुढच्या वर्षी मागणी येणारच. मागणी आली गोव्यातून. धेंपोंना एक गोष्ट खटकत होती: साळगावकरने लीग जिंकली होती, फेडरेशन कपही जिंकला होता, आपल्या कपाटात दोन्ही नव्हते. प्रशिक्षक अर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक यांच्यासारखी गोव्याची तरुण पोरं तयार होत होती. कमी होती ती गोल मारणाऱ्याची. नायजेरियाचा रँटी मार्टिन्स त्याच सुमारास आला आणि दहा नंबरची जर्सी घालून क्रिस्टियानो ज्युनियर.

गोवा त्याला कोलकात्याहून सोपा गेला असावा, असं मानायला जागा आहे. पणजी-मडगावात पोर्तुगीज अमलात, १९६१ च्या आधी, शाळा शिकलेली पिढी तेव्हा साठी-सत्तरीत होती आणि तिला त्याची भाषा, पोर्तुगीज, येत होती. दुकानांच्या जुन्या पाट्या, चर्चमधली नावं, समुद्र, मासे. पण त्याला गोव्यात राहायला मिळाले ते काही महिनेच.

२००४ च्या फेडरेशन कपचा अंतिम सामना बेंगळूरला होता. धेंपो विरुद्ध मोहन बागान, रविवार, ५ डिसेंबर, श्री कंठीरव स्टेडियम. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या वेळी उभं राहिलेलं हे मैदान शहराच्या ऐन मध्यात, कब्बन पार्कच्या जवळ आहे. बरेटो त्या दिवशी बागानकडे नव्हता. त्या वर्षी तो मलेशियात पेनांगकडून खेळायला गेला होता, आणि त्याच्याविना बागानची त्या हंगामात लीगमध्येही वाताहत झाली. गोलजाळ्यासमोर बागानचा सुब्रत पाल उभा होता, विशीही न गाठलेला.

आमच्या अफजलपूरकडे फुटबॉलचं वारं कधी आलं नाही, हे इथेच सांगितलेलं बरं. भीमेच्या काठच्या या तालुक्याचं नाव महाराष्ट्रात निघतं ते गाणगापूरच्या दत्तामुळे. पोरं खेळतात क्रिकेट आणि कबड्डी, यात्रेत कुस्ती. बेंगळूर आमच्या राज्याची राजधानी, पण मराठी वाचणाऱ्या घरांत तिथल्या बातम्या सोलापूरच्या पेपरातून, वळसा घालून येतात. गोव्याच्या क्लबचा ब्राझीलचा माणूस कर्नाटकाच्या राजधानीत मैदानावर गेला, ही बातमी त्या आठवड्यात तशीच आली: खेळाच्या पानाऐवजी पहिल्या पानावर. क्रिस्टियानो ज्युनियर हे नाव इथे पहिल्यांदा वाचलं गेलं ते त्याच्या मृत्यूच्या बातमीत.

सामना असा झाला. पहिला गोल ज्युनियरचा. बागान बरोबरीसाठी पुढे सरकला, मागे जागा मोकळी झाली. सामना संपायला बारा-एक मिनिटं उरली असताना ज्युनियर चेंडू घेऊन एकटा सुटला. पाल गोल सोडून पुढे धावला, कारण गोलरक्षकाला अशा वेळी दुसरं काही करता येत नाही. कोन लहान करायचा, अंगावर जायचं. ज्युनियरने चेंडू सरकवला, तो जाळ्यात गेला, आणि त्याच क्षणी दोघांची टक्कर झाली. २-०. ज्युनियर उठला नाही.

पुढची मिनिटं महत्त्वाची आहेत आणि तीच हातची गेली. सहकारी धावले, हातवारे करून बाहेरच्यांना बोलावू लागले, त्यांनीच त्याला शुद्धीवर आणायची धडपड केली. छाती दाबणं, तोंडाने श्वास देणं, हे ज्यांना शिकवलेलंच नाही त्यांच्या ऐकीव माहितीवर सोडायचं काम नव्हे. देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेचा अंतिम सामना, प्रेक्षक, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे पदाधिकारी, मांडलेला चषक, सगळं जागेवर होतं. हृदय बंद पडलेल्या माणसाला लागते ती तयारी तेवढी मैदानालगत नव्हती. रुग्णालयात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी मृत घोषित केलं. वय २५. धेंपोने सामना जिंकला, चषकावर क्लबचं नाव पहिल्यांदा कोरलं गेलं. दोन्ही गोल करणारा माणूस हे ऐकायला नव्हता.

हृदय अचानक बंद पडतं तेव्हा मेंदूला प्राणवायू न मिळण्याची मुदत मिनिटांत मोजतात. छाती दाबून रक्त फिरतं ठेवायचं आणि शक्य तितक्या लवकर विजेचा झटका देणारं यंत्र लावायचं, एवढाच उपाय. जाणारं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता साधारण दहा टक्क्यांनी खाली आणतं. ही माहिती २००४ मध्ये जगाला नवी नव्हती. जून २००३ मध्ये कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फो फ्रान्समध्ये ल्योंच्या मैदानावर कोसळून गेला होता. जानेवारी २००४ मध्ये पोर्तुगालात बेनफिकाचा हंगेरियन आघाडीपटू मिक्लोश फेहेर टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर गेला. आणि खुद्द ब्राझीलमध्ये, २७ ऑक्टोबर २००४ ला, साओ काएतानो क्लबचा बचावपटू सर्जिन्हो साओ पाउलोच्या मोरुंबी मैदानावर कोसळला. तिथे पुढे काय झालं ते पाहा. चौकशी बसली, क्लबच्या अध्यक्षावर आणि डॉक्टरवर कारवाई सुरू झाली आणि क्लबचे तब्बल २४ गुण कापले गेले. ज्युनियरच्या मायदेशात हा गोंधळ चालू असतानाच, दीड महिन्याच्या आत, तो बेंगळूरला पडला.

आपल्याकडे काय झालं? सगळा रोख सुब्रत पालवर गेला. चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवली गेली, त्याने हात मुद्दाम मारला की नाही यावर वाद झाले. महासंघाने त्याला दोन महिन्यांसाठी निलंबित केलं. टक्कर बेफिकिरीची होती, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही. पण गोलरक्षक आणि आघाडीपटू आदळणं हे या खेळात दर आठवड्याला घडतं आणि त्यासाठीच मैदानाच्या कडेला डॉक्टर बसवायचा असतो. विशीही न गाठलेल्या पोराला शिक्षा देणं सोपं होतं. आयोजकांना प्रश्न विचारायचा तर विचारणारा आणि विचारला जाणारा एकाच खोलीत बसले होते. साओ काएतानोचे २४ गुण आणि पालचे दोन महिने शेजारी ठेवले की कोणत्या देशाने दोष कुणावर टाकला, ते दिसतं.

पालचं कौतुक एवढ्यासाठी की तो मोडला नाही. २०११ च्या आशियाई करंडकात कतारला त्याने दक्षिण कोरियासारख्या संघासमोर असे चेंडू अडवले की परदेशी पत्रकारांनी त्याला स्पायडरमॅन म्हणून टाकलं. २०१४ मध्ये तो डेन्मार्कच्या वेस्टशेलंड क्लबकडे गेला. म्हणजे ज्या टकरीने एका परदेशी खेळाडूचा भारतातला प्रवास संपला, त्यातला दुसरा माणूस दहा वर्षांनी स्वतःच परदेशी खेळाडू झाला. पुढे त्याला अर्जुन पुरस्कारही मिळाला.

बेंगळूरनेही पुढे काही शिकल्याचं दिसत नाही. मार्च २०१२ मध्ये तिथल्याच जिल्हा लीगमध्ये बेंगळूर मार्स संघाचा डी. वेंकटेश सामन्यात कोसळला. मैदानावर रुग्णवाहिका नव्हती. त्याला ऑटोरिक्षात घालून न्यावं लागलं. तो वाचला नाही. वेंकटेश स्थानिक, पगार किरकोळ, त्यामुळे ती बातमी फार दिवस टिकली नाही.

धेंपो क्लबने दहा नंबरची जर्सी कायमची बंद केली. पुढे कुणालाही तो आकडा नाही. आणि मग या क्लबचा सुवर्णकाळ सुरू झाला, तोही त्याच हंगामात. २००४-०५ ची लीग धेंपोने जिंकली, मग २००६-०७, मग नाव बदलून आय-लीग झालेली २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. आठ हंगामांत पाच. २००८ मध्ये एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल. या सगळ्यात रँटी गोल मारत होता आणि त्याला चेंडू पुरवणारा होता आणखी एक ब्राझिलियन, रोबेर्तो मेंडेस सिल्वा, म्हणजे सगळ्यांचा बेटो. मैदानाच्या मध्यभागी उभा राहून डाव्या-उजव्या बाजूला लांब चेंडू फेकणारा. वर्तमानपत्रांना गोल मोजता येतात म्हणून रँटीचं नाव झालं. बेटोचं नाव फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर बसणाऱ्यांना ठाऊक. गोव्याच्या मातीत सर्वाधिक मुरलेला दक्षिण अमेरिकी खेळाडू कोण, असं कुणी विचारलं तर मी बेटोचं नाव घेईन.

इकडे मुंबईत बरेटो आला होता. मलेशियाहून परतल्यावर २००५-०६ च्या हंगामासाठी त्याला महिंद्र युनायटेडने घेतलं. हा क्लब १९६२ पासून महिंद्र कंपनीचा. छातीवर जीपचं चिन्ह, म्हणून खेळाडू ‘जीपमेन’. गोव्यात खाणमालक जे करत होते तेच मुंबईत मोटारकारखाना करत होता: नोकरी द्या, खेळवा, कंपनीचं नाव पेपरात येऊ द्या. मुंबईची फुटबॉलवरची माया नेहमीच थोडी एकतर्फी राहिली आहे. हार्वूड लीग, रोव्हर्स कप, कुपरेज मैदान, वांद्र्या-माझगावातल्या ख्रिस्ती वस्त्यांतली पोरं. पण शहराचा जीव क्रिकेटात. कुपरेजच्या छोट्या स्टँडमध्ये ओव्हलकडून येणारे क्रिकेटचे आवाज ऐकत फुटबॉल बघणारी मंडळी मोजकी आणि कट्टर.

महिंद्रचे प्रशिक्षक डेरिक परेरा, मूळचे गोव्याचे, स्वतः भारताकडून खेळलेले बचावपटू. संघात मुंबईचा स्टीवन डायस उजवीकडून चेंडू आत टाकायला, घानाचा युसिफ याकुबू पुढे आणि त्याच्या किंचित मागे बरेटो. याकुबूने आधी चर्चिलसाठी दोनदा लीगमधले सर्वाधिक गोल केले होते, एका हंगामात २१. एकाच संघात दोन मोठे परदेशी आघाडीपटू म्हटले की चेंडूवरून भांडण ठरलेलं. इथे ते झालं नाही, कारण बरेटोला स्वतःच्या गोलापेक्षा पासमध्ये रस जास्त होता. त्या हंगामात महिंद्रने फेडरेशन कप घेतला आणि राष्ट्रीय लीगही जिंकली. ईस्ट बंगाल दुसरा, मोहन बागान तिसरा. कोलकात्याचे दोघेही मागे आणि पुढे जीपवाले! मुंबईच्या संघाने देशाची लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. पुन्हा तसा दिवस उजाडायला २०२१ साल आलं आणि तोवर मैदान, मालक, लीग, सगळंच बदललं होतं. मुंबई सिटीने तो अंतिम सामना फातोर्ड्यावर जिंकला.

एवढं करूनही मुंबईने बरेटोला डोक्यावर घेतलं नाही. एकाच हंगामानंतर, २००६ मध्ये, तो बागानकडे परतला आणि २०१२ पर्यंत तिथेच राहिला. मुंबईत तो रस्त्याने चालत गेला तर कुणी वळून पाहत नसे. कोलकात्यात त्याला मिठाईच्या दुकानात पैसे देऊ दिले जात असतील तर नवल. परदेशी नोकरी करणाऱ्याला हा फरक पगाराइतकाच मोठा असतो. महिंद्रने २०१० मध्ये संघ बंद केला. कंपनीला फुटबॉलसाठी शाळकरी मुलांवर खर्च करणं जास्त पटलं. निर्णय हिशेबी होता, तरी एका लीगविजेत्या संघाचा शेवट एका प्रसिद्धिपत्रकात व्हावा याचं कुपरेजच्या कट्टर मंडळींना वाईट वाटलंच.

गोव्यातही घडी विस्कटत होती. धेंपोंनी २००९ मध्ये आपला खाणधंदा सेसा गोवाला विकला. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, तेव्हा मांडवीतल्या बार्ज नांगर टाकून उभ्या राहिल्या. त्यानंतर धेंपोला आय-लीग पुन्हा जिंकता आली नाही. सगळं खाणींमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण शेठच्या पेढीवरचा फुटबॉल संपत चालला होता आणि टीव्हीच्या पैशाचा फुटबॉल येत होता, एवढं नक्की. इंडियन सुपर लीग ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झाली. एफसी गोवाचा प्रशिक्षक म्हणून खुद्द झिको आला. पुढच्या वर्षी २००२ चा विश्वविजेता बचावपटू लुसिओ. २०१५ च्या अंतिम सामन्यात फातोर्डा खच्चून भरलं होतं, गोवा शेवटच्या मिनिटांत २-१ असा पुढे गेला होता आणि तरी चेन्नईयिनने ३-२ असा घास हिरावला. विजयी गोल कोलंबियाच्या स्टीवन मेंडोसाचा. त्या मोसमातले सर्वाधिक, १३ गोलही त्याचेच.

मुंबईच्या वाट्याला २०१६ मध्ये दिएगो फोर्लान आला. उरुग्वेचा, २०१० च्या विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू, वय ३७. त्याचा तीन महिन्यांचा मुक्काम अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात झाला. १९ नोव्हेंबरला केरळ ब्लास्टर्सविरुद्ध त्याने हॅट्ट्रिक केली, मुंबई ५-० ने जिंकली आणि साखळीत पहिली आली. मग कोलकात्यात उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात त्याला लाल कार्ड मिळालं, मुंबई ३-२ ने हरली, परतीचा सामना त्याच्याविना ०-० सुटला. एकूण पाच गोल. फ्री किक घेताना त्याचा पाय चेंडूला जसा लागे, ते बघायला पैसे मोजणं परवडत होतं. पण सामने संपले, तो गेला; पुढे हाँगकाँगला खेळला. त्याच्यासाठी मुंबई हा एका लांबलचक कारकिर्दीचा शेवटून दुसरा-तिसरा थांबा होता. बरेटोसाठी भारत हीच कारकीर्द. दोघांना एकाच शब्दात परदेशी खेळाडू म्हणताना मला अवघडल्यासारखं होतं.

त्याच २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. महासंघाने नव्या लीगला वर आणि जुन्या क्लबांना खाली बसवण्याचा जो आराखडा मांडला होता, त्याचा हा निषेध. धेंपोने मग लक्ष घातलं ते जुन्या गोव्याजवळच्या आपल्या अकादमीत आणि गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये. राष्ट्रीय पातळीवर क्लब परतला तो २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये, तेही खालच्या विभागातून चढून. आता परवाना मिळवायचा तर क्लबाला डॉक्टर, प्रथमोपचार, रुग्णवाहिका यांची सोय कागदोपत्री दाखवावी लागते. कंठीरवच्या त्या रविवारी अशी सक्ती असती तर काय झालं असतं, हे कुणी सांगू शकत नाही. ज्युनियरला निदान संधी मिळाली असती.

बरेटोने बागानचा हिरवा-मरून शर्ट मे २०१२ मध्ये उतरवला. थोडा काळ कोलकात्यातल्याच भवानीपूर क्लबकडून खेळला. मायदेशी जाऊन बसणं त्याला जमलं असतं, पण तो इथेच प्रशिक्षणाकडे वळला आणि पुढे नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत निवडून आणलेल्या मुलांना शिकवू लागला. ही मुलं मिझोरम, मणिपूर, केरळ, बंगाल, गोवा अशी कुठकुठून वेचून आणलेली. कमी वयात घरापासून लांब राहायचं, परकी भाषा, परकं जेवण, आणि रोज सकाळी मैदानावर स्वतःला सिद्ध करायचं. हे त्यांना कसं जमवायचं ते सांगायला त्या अकादमीत त्याच्याहून योग्य माणूस मिळाला नसता. खांदा एकीकडे झुकवून दुसरीकडे वळायचं कसं, तेही तो शिकवतच असेल.